हिला हॅक करून दाखवा!

काका नव्या माणसाला गाव विचारत नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिम विचारतात. उत्तर ‘विंडोज अकरा’ आलं, की आजाऱ्याची चौकशी करावी तशा सुरात म्हणतात, “अपडेट रोज येत असतील, नाही?”

त्यांच्या टेबलावर विंडोज ९८ आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या जुलैमध्ये तिच्यावरून हात काढून घेतला. “कंपनीचं नुकसान!” काका म्हणतात. “आजचा व्हायरस इथे आला तरी उपाशी मरेल. त्याला लागणाऱ्या फायलीच माझ्याकडे नाहीत.” मुद्दा अगदीच खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे.

रविवारी त्यांच्याकडे जुन्या मशीनचे शौकीन जमतात. आधी फुगलेल्या कपॅसिटरवर गप्पा होतात. मग कुणीतरी सिक्युरिटीचं नाव काढतं आणि चहा निवतो.

“तुमची ९८ पासवर्ड मागते, पण एस्केप दाबलं की माणूस सरळ आत!” विंडोज एनटीवाले म्हणतात.

“आलेल्या पाहुण्याला दारात कशाला ताटकळत ठेवायचं?”

अमिगावाले हसतात. (अमिगावर एक प्रोग्राम कोलमडला की सगळं मशीन घेऊन बसायचा, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.) एनटीवाले मग हुकमाचा एक्का टाकतात: चेर्नोबिल व्हायरस. २६ एप्रिल १९९९ ला त्याने ९५-९८ वाल्यांच्या हार्ड डिस्क धुतल्या, काहींचं बायोसही उडवलं. एनटीला ओरखडा नाही.

काका क्षणभर गप्प. “तेव्हा माझं मशीन दुरुस्तीला होतं. म्हणजे सेफच की!”

हरायची वेळ आली की कपाटातून सव्वापाच इंची फ्लॉपी निघते. तिच्या कडेची चौकोनी खाच काळ्या चिकटपट्टीने बुजवलेली. खाच बुजली की ड्राइव्ह फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी सोडलेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉप्यांवरूनच पसरला, पण या पट्टीपुढे त्याचीही मात्रा चालत नसे. काका पट्टीवर नख वाजवतात. “हिला हॅक करून दाखवा!”

कुणाला दाखवता येत नाही. आत काय आहे तेही कुणाला ठाऊक नाही, कारण ड्राइव्ह कधीचाच बंद पडलाय. ९८ च्या अभेद्यतेचं कारणही टेबलामागे दिसतं: नेटची वायर लावलेलीच नाही. मोबाइलवर ओटीपी आला की मात्र काका चष्मा शोधत बसत नाहीत. शेजारच्या पोराला हाक मारून मोठ्याने वाचून घेतात.

तुमच्या माळ्यावर जुना सीपीयू पडला असेल, तर भंगारात घालू नका. काका स्वतः येऊन नेतात, पैसेही देतात. फक्त ‘हा सेफ आहे का हो?’ एवढं विचारू नका.