उतार फुकट आहे

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात बंगला घ्यायला निघालेला पुणेकर दिशा बघतो, डोंगर दिसतो का बघतो, हिंजवडी किती मिनिटांवर ते बघतो आणि नळाला पाणी आहे ना याची दोनदा खात्री करून घेतो. ते पाणी वापरून झालं की कुठं जाणार, हे कुणी विचारत नाही. डोंगरातलं पाणी आहे, ते खालीच जाणार. खाली कुणाचं तरी भातखाचर, त्याच्याखाली ओढा, ओढ्याच्या पुढं मुळा. आणि मुळेच्या काठी पुन्हा पुणेच.

सरकारचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. जलजीवन मिशन 2019 मध्ये आलं ते माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायला. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावातून रोज 44 हजार लिटर. त्याची विल्हेवाट लावायला स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात लहान गावांना दरडोई 280 रुपयांपर्यंत. रोजचे नव्हे, एकदाच! शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा तरणतलाव या हिशेबात कुठंच बसत नाही.

मग गावोगाव काय होतं? बंदिस्त गटार. पुढाऱ्यांचं हे लाडकं काम, कारण नारळ फोडता येतो आणि वर काँक्रीट दिसतं. गटाराचं तोंड ओढ्यात उघडतं, पण तिथं पाटी लावायला कुणी जात नाही.

बंगलेवाल्यांचं उत्तर ठरलेलं: ‘आमची सेप्टिक टाकी आहे.’ टाकीत गाळ खाली बसतो, साय वर येते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते दिसायला निवळ, पण जंतू तेच. कंपाउंडच्या भिंतीतून बोटभर बाहेर काढलेला पांढरा पाइप, त्याच्याखाली काळपट शेवाळ आणि त्यात टम्म वाढलेलं अळू दिसलं, की समजावं टाकी ‘चालू’ आहे. त्यात हा सगळा बेसॉल्टचा मुलूख. वर हातभर माती नि मुरूम, खाली काळा खडक. खडकाच्या भेगेतून घाण किती लांबच्या विहिरीत निघेल याचा नेम नाही. विहिरीपासून 10 मीटर सोडा हा नियम मातीपुरता ठीक, भेगांना तो कोण सांगणार?

उपाय काही परग्रहावरचा नाही. संडासाला दोन खड्डे: एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचं दीड-दोन वर्षांत खत. मोरीच्या पाण्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे घेऊन गटारं बंद केली आणि डास हटवले. आता मुळशीचा पाऊस म्हणजे टेंभुर्णीचा पाऊस नव्हे. जिथं श्रावणात खड्डाच पाण्यानं भरतो तिथं त्याच्या भरवशावर राहू नये. तिथं दगडगोट्यांचा वाफा करावा, त्यात कर्दळ लावावी आणि निवळलेलं पाणी संथपणे त्यातून जाऊ द्यावं. ना मोटर, ना वीजबिल. शहरात ज्या पंपांवर लाखो रुपये जातात त्यांचं काम इथं उतार फुकटात करतो.

पण फुकटाची किंमत आपल्याला कधी होती? मोठ्या प्रकल्पात मोटरवालं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बसवायचं, माहितीपत्रकात त्याचा हिरवा फोटो छापायचा, बिल्डर गेला की सोसायटीनं वीजबिल बघून बटण बंद करायचं. तपासणी असेल त्या दिवशी पुन्हा चालू. लहान फार्महाउसला तेवढंही सोंग करावं लागत नाही.

ग्रामपंचायतींना एकच सांगणं. नळजोडणी अडवायचा अधिकार तुमच्या हातात आहे तोवर तो वापरा. नव्या बंगल्याला नळजोडणी देण्याआधी सांडपाण्याची सोय जागेवर जाऊन बघा, तीही भर पावसात. अर्जाला जोडलेला फोटो ग्राह्य धरू नका.