मी शे ना!

भेस्तानात सायकलचं चाक बसलं की आधी हवा जाते आणि मग नाना येतात. या दोन घटनांत फार तर अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. कित्येकदा तर चाक बसल्याची बातमीच आपल्याला नानांकडून कळते.

"काय व्हयनं, भाऊ? बसनं का चाक?"

आपण तोंड उघडेपर्यंत सायकल त्यांच्या ताब्यात गेलेली असते. पुढच्या क्षणी ती सीट आणि हँडलवर उलटी, चाकं आभाळाकडे. आपण पुटपुटतो, "नाही, म्हटलं पुढे दुकान आहे..." दुकान हा शब्द ऐकला की नानांच्या चेहऱ्यावर, सुनेनं स्वयंपाकाला बाई ठेवते म्हटल्यावर सासूच्या चेहऱ्यावर येतात ते भाव येतात.

"दुकान कसाले? मी शे ना!"

अहिराणीत 'शे' म्हणजे आहे. आता भेस्तान सुरतेत आणि सुरत गुजरातेत, हे नकाशापुरतं ठीक आहे. पण उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात धुळं, नंदुरबार, जळगाव एवढं येऊन राहिलंय, की गल्लीत भांडण लागलं तर पहिली शिवी अहिराणीत पडते आणि समेट गुजरातीत होतो. उधन्याहून जळगावला जाणारी ताप्ती लाइन म्हणजे खानदेशाच्या घरातला मागचा जिना. आमचे वडील त्याच जिन्यानं उतरले, मी इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढे एका मिलच्या हिशेबखात्यात चिकटलो. घर ते मिल सायकल. म्हणजे नानांशी संबंध येणारच होता.

नाना हे कुणाचं नाव नाही, तो हुद्दा आहे. रेल्वे स्टेशनाच्या बाजूला एक नाना आहेत, पांडेसऱ्याच्या जीआयडीसीकडे वळताना एक आहेत, आणि उनच्या रस्त्याला तर एक जेमतेम तिशीतले नाना आहेत. मी सांगतोय ते आमच्या नाक्यावरचे. उमर साठीच्या पुढे. तीस वर्षं लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्यामुळे दोन्ही कान कामातून गेलेले. त्यामुळे आपण 'नको नको' म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही, हा त्यांच्या समाजसेवेचा मूळ पाया.

शर्टाच्या खिशात प्लास्टिकची एक पिशवी. तिच्यात बोटभर वॉलट्यूब, तुटक्या कानशीचा तुकडा, सुतळीचं भेंडोळं आणि पानमसाल्याच्या चार रिकाम्या पुड्या. पान्हा नाही, पक्कड नाही, सॉल्यूशन तर नाहीच. सॉल्यूशन लावून ठिगळ मारणं नानांच्या लेखी कॉपी करून पास होण्यासारखं आहे.

पहिली तपासणी थुंकीची. बोट जिभेला लावायचं आणि वॉलच्या तोंडावर टेकवायचं. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, आतली वॉलट्यूब फाटलीय. अर्धीअधिक 'पंक्चरं' इथंच बरी होतात, आणि अशा वेळी नाना मनातून खट्टू होतात. डॉक्टरला पोटदुखी म्हणावी आणि निघावा गॅस, तसं. मुकाट्यानं नवी वॉलट्यूब चढवतात, "जाय," म्हणतात आणि पाठ फिरवतात.

खरं पंक्चर असलं की मात्र बाही वर जाते. "डबाना चमचा काढ." टायर रिमवरून उचकायला नाना गिऱ्हाइकाच्याच डब्यातला चमचा वापरतात. आमच्या भागात कुणाच्याही घरी जेवायला बसा, एक तरी चमचा मानेत वाकलेला सापडेल. पाहुण्याला तो देत नाहीत, पण टाकूनही देत नाहीत.

मग ट्यूबचं भोक शोधायचं. रीतसर उपाय म्हणजे तसराळं आणि पाणी. नानांना तसराळं लागत नाही. कानाला लावून फुस्स ऐकावं तर एक तर कान नाहीत, आणि असते तरी चहूकडून लूमची खटाखट चालू. म्हणून ते फुगवलेली ट्यूब ओठांसमोरून सावकाश फिरवतात, जपमाळ ओढावी तशी, डोळे मिटून. मिशीचे केस हलले की भोक सापडलं. हे दृश्य मी वीस-पंचवीसदा पाहिलंय आणि दर वेळी आजूबाजूचे सगळे श्वास रोखतात. एक ओडिया कारागीर, एक बिहारी भाजीवाला, दोन शाळकरी पोरं, आणि उशीर होतोय म्हणून घायकुतीला आलेला मी. मिशी हलते. भाजीवाला "मिल गया!" म्हणून ओरडतो. लॉटरी त्याला लागल्यासारखी.

गर्दीबद्दल एक सांगायला हवं. 1913 च्या टूर दि फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफ नावाच्या शर्यतपटूच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची. तो सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला, पण भाता एका पोरानं मारला म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला. हा नियम भेस्तानात लावला तर अख्खा वॉर्ड बाद होईल. इथं पंप एक, दांड्याला हात चार, आणि 'जोरमें मारो' म्हणणारे सात.

भोक सापडल्यावर उपचार दोन. छोटं असेल तर गाठ. भोकापाशी ट्यूब दुमडायची, सुतळीनं करकचून बांधायची आणि हवा भरायची. हवा टिकते, पण त्या जागी टायर पोकळ राहतो आणि चाकाला उचकी लागते. 28 इंची चाकाचा घेर सात फुटांच्या थोडा वर, म्हणजे दर सात-सव्वासात फुटांना एक उचकी. माझं घर मिलपासून दोन किलोमीटर. साधारण नऊशे उचक्या. पहिल्या गाठीच्या दिवशी घरी पोचलो तेव्हा बायकोनं विचारलं, "कोण आठवण काढतंय एवढी?"

टायरच फाटला असेल तर आतून अस्तर लागतं. दुकानदार जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, बसवतो. नानांकडे पानमसाल्याच्या पुड्या. ती चकचकीत पुडी ओढून फाटत नाही, हे खरंच आहे. दातांनी फोडताना अनुभव आलेले लोक माझ्या शब्दाला दुजोरा देतील. पुडी नसली तर नाना हात पुढे करतात आणि म्हणतात, "नोट काढ. दहानी."

नोटेची घडी चांगली चिवट होते आणि काम देते. पण एकदा रातपाळी सुटल्यावरचा अंधार, दिवे गेलेले, आणि आमच्या खात्यातल्या एकानं खिशातून चाचपून दिली ती नोट दहाची नव्हती. तो प्रकार त्याच्या लक्षात आला चार दिवसांनी, बायकोनं हिशेब मागितल्यावर. पाचशेची घडी आत, वर टायर, त्यावर तो स्वतः. नाना म्हणाले, राहू दे, बँकेपेक्षा तिथं सुरक्षित आहे. राहिली. आणि मग 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर समारंभानं टायर उचकला. नोट निघाली, पण मधोमध घासून तिची जाळी झालेली. बँकेतल्या बाबूनं ती चिमटीत धरून पंख्याच्या वाऱ्यात धरली आणि काही न बोलता परत दिली. नोटबंदीनं देशातला काळा पैसा किती बाहेर आला यावर अजून वाद आहेत. भेस्तानात टायरातून एक नोट बाहेर आली, एवढं मी शपथेवर सांगतो.

नानांचा खरा आविष्कार मात्र चिंधी. ट्यूब पार कामातून गेली की ते ती काढून खांद्यावर टाकतात आणि पोराला लूमच्या खात्यात पिटाळतात. साड्यांच्या चिंधीला सुरतेत तोटा नाही. आंबा कलरची, राणी कलरची, मोरपंखी, जरीच्या काठासकट. तिचा पीळ करून नाना टायरात ठासतात, काठीनं दाबत, गोधडी भरावी तसं. यात त्यांचं शास्त्र आहे आणि ते पक्कं आहे: सुती चिंधी चालत नाही, ती पावसात पाणी पिते आणि चाक जड होतं; पॉलिएस्टर पाणी पीत नाही. शिवाय पीळ एकाच दिशेनं हवा, नाहीतर ती एका जागी गोळा होते आणि सायकल उंटासारखी चालते.

1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं पोराच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला आणि जगाचं बूड सुखावलं. हे मी नानांना एकदा ओरडून सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ढोरेस्ना डॉक्टर ना? तरीच." त्यांची स्वतःची सायकल गेली दोन वर्षं चिंधीवर आहे. चालली की खडखडाट असा होतो, की कुत्री आधी पळतात आणि नाना मागून येतात. पण हवा भरायला लागत नाही, आणि वेड्या बाभळीचा काटा लागला तरी साडीलाच लागतो. रेल्वेलाइनच्या कडेला ही बाभूळ माजलीय. गुजरातीत तिला 'गांडो बावळ' म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. गैरसमज नको.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं नानांशी वाकडं असेल असं मला वाटायचं. एकदा विचारलं. तो हसला. म्हणाला, नाना जिला हात लावतात ती सायकल चार दिवसांत माझ्याकडे येतेच. आधी नुसतं पंक्चर असतं, मग ट्यूब, टायर आणि रिमचा आउट काढायचं काम निघतं. दिवाळीला तो नानांना मिठाईचा पुडा देतो. नानांना वाटतं, वयाचा मान आहे.

अलीकडे नाना जरा गप्प असतात. पोरांकडे मोटारसायकली आल्या, टायर ट्यूबलेस झाले, त्यात गाठ मारता येत नाही आणि चिंधीही ठासता येत नाही. परवा एका पोराची गाडी बसली तेव्हा नाना सवयीनं उठले, चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोट जिभेला लावलं, आणि मग तेच बोट शर्टाला पुसून परत कट्ट्यावर बसले. मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना नाक्याच्या अलीकडे मी उतरलो, इकडंतिकडं पाहिलं आणि वॉलचा नट थोडा सैल केला.

तेव्हा भेस्तानात सायकल घेऊन आलात तर डब्यात एक जुना चमचा असू द्या आणि वरच्या खिशात दहाची नोट सुटी ठेवा. नाना मोठी नोट मोडून देत नाहीत.