सेन्सर बदलण्याआधी

गेल्या पावसाळ्यात खंबाटकीच्या चढावर माझी गाडी दोनदा बंद पडली. दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुरू. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०३३५ हा कोड आला आणि लगेच निकाल लागला: ‘क्रँक सेन्सर गेलाय.’ नवा बसवला. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा रस्त्यात उभी.

अहो, सेन्सर गेला असं तो कोड म्हणतच नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये कपलर आला, ईसीयूपर्यंतच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंट्रोल युनिटपर्यंतच्या वायरीही आल्या. या वायरी वर्षानुवर्षं इंजिनाच्या धगीत भाजतात. वरचं आवरण कडक होऊन तडकतं, ब्रॅकेटवर घासून झिजतं. उघडं तांबं बॉडीला टेकलं की सिग्नल तुटतो. इंजिन फिरतंय हेच मग ईसीयूला कळत नाही आणि तो पेट्रोल व ठिणगी दोन्ही थांबवतो.

शेवटी एका वयस्कर वायरमनने दोष पकडला. इंजिन सुरू ठेवलं, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वीत-वीत हलवत गेला. ब्रॅकेटच्या वळणाशी हात पोचला आणि इंजिन बंद! पंधरा मिनिटांचं काम. ते आधी का झालं नाही?

हे सेन्सरपुरतंच नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या वायरीत तर मीटरही फसवतो. वायर सोडवून ओहम मोजले तर ती ठणठणीत दिसते, कारण आतली एकच तार शाबूत असली तरी मीटरच्या नगण्य करंटला ती पुरते. पंप 5 अँपियर ओढू लागला की खरं कळतं. वाटेत अर्धा ओहम अडथळा असेल तर अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात, 12 मधले साडेनऊच पंपाला मिळतात. म्हणून पंप चालू असतानाच मोजा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या अर्थवर. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थची वायर तपासा. पॉझिटिव्ह बाजूही अशीच, बॅटरी ते पंप.

वरून टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. काळं-हिरवं पडलेलं तांबं चकचकीत लागेपर्यंत कापा, त्याच जाडीची वायर क्रिम्प करून जोडा, वर हीट श्रिंक चढवा. आणि वायर त्या ब्रॅकेटपासून दूर बांधा, नाहीतर ती परत तिथेच झिजेल.

घाटात इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकच्या बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. मागून ट्रक येत असतो. तेव्हा पुढच्या वेळी नव्या पार्टला होकार देण्याआधी गॅरेजमध्ये विचारा: ‘वायर हलवून पाहिली का? लोडवर व्होल्टेज किती पडलं?’ आकडा सांगितल्याशिवाय पैसे देऊ नका.