बंदीचा वाढदिवस

पंढरीची वारी आटोपलेली असते आणि कानबाईच्या रोटांचे दळण अजून व्हायचे असते. त्या मधल्या दिवसांत मुंबईहून एक आदेश निघतो: गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, यांवर आणखी एक वर्ष बंदी. हा सोहळा जुलै 2012 पासून चालू आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 30 ने आयुक्तांना बंदीचा अधिकार दिला, तो एका वेळी एका वर्षापुरताच. त्यामुळे सरकारच्या लेखी जी वस्तू राज्यात नाहीच, ती पुढच्या वर्षीही नसावी यासाठी दरवर्षी नवा कागद काढावा लागतो. बंदी आता मिसरूड फुटण्याच्या वयाची झाली आहे. या वयात टपरीवर जाणे आलेच.

टपरीवर गेलो तर ती आमच्या आधी तिथे हजर होती. पुडी छापील किमतीपेक्षा महाग का, असे एकाने विचारले. टपरीवाला खालच्या खोक्यात हात घालत म्हणाला, ''बंदी शे ना भो, तेन्हामुये भाव वाढी गया!'' अर्थशास्त्राचा इतका छोटा आणि इतका खरा तास कुठल्याही कॉलेजात मिळणार नाही.

माल येतो कुठून, हा प्रश्न खान्देशात कोणी विचारत नाही. नकाशा उघडा. वर मध्य प्रदेश, त्याने आपल्याही आधी, एप्रिल 2012 मध्ये बंदी घातली. डावीकडे गुजरात, त्याने त्याच वर्षी सप्टेंबरात घातली. दोन बंद दारांच्या मधे आपण, आणि तरी घरात वारा! सेंधव्याकडून बिजासन घाट उतरला की शिरपूर तालुका, बऱ्हाणपूरकडून आले की रावेर. मग अधूनमधून पेपरात तो फोटो येतो: पुढे पोत्यांची थप्पी, मागे हात बांधून उभे असलेले पथक, कडेला मान खाली घातलेले चालक आणि क्लीनर. ''गोपनीय बातमीदारामार्फत'' ट्रकचा नंबर कळतो, रंग कळतो, कोणत्या ढाब्यावर थांबणार तेही कळते. मालक आणि कारखाना यांचा पत्ता मात्र बातमीदाराच्या तोंडात येता येता विरघळतो. बहुधा त्याच्या तोंडातही पुडी असावी.

फिर्याद वाचण्यासारखी असते. कलम 26(2)(i), 26(2)(iv), 27(3)(e), 30(2)(a), 59. वर भारतीय न्याय संहितेची 274, 275, आणि भर म्हणून 123, म्हणजे विष देणे. विषप्रयोगाचा हा एकच प्रकार असा की विष घेणारा सुटे पैसे मोजून देतो, दोन पुड्या एकत्र करतो, हलवतो आणि उधारी लिहून ठेव म्हणतो.

ही कलमे लावायची की नाही, यावर न्यायालयांत झालेला खो-खो खास आपला आहे. धुळे आणि जळगाव औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. 2016 मध्ये याच खंडपीठाने सांगितले की गुटख्याला अन्न सुरक्षा कायदाच पुरे, दंडविधानाची कलमे नकोत, गुन्हे रद्द. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दोन्ही कायदे लावायला हरकत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या एका भेसळ प्रकरणात, तेच न्यायालय म्हणाले की असुरक्षित अन्नाला कलम 59 असताना दंडविधानाची 272 आणि 273 चालणार नाहीत. पुढे जुलैत दंडविधानच गेले आणि त्या दोघांना 274, 275 असे नवे नंबर मिळाले. फिर्यादीत ते अजून येतातच. सवय लवकर सुटत नाही, हे गुटख्याच्या बाबतीत तरी समजून घ्यायला हवे.

जुन्या कलमांची जरब काय होती? 1860 चा कायदा: सहा महिने कैद किंवा 1,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या काळात हजारात शेत आले असते. आता 160 हून अधिक वर्षांनी दंड वाढवला, 5,000 केला. पोत्यातून चार पुडे सांडले तरी एवढ्याचा माल जातो.

खरा भावफलक कलम 59 चा. शेवभाजीच्या हॉटेलात साधी, स्पेशल, डबल तिखट असे लिहिलेले असते तसा. असुरक्षित अन्न विकले आणि कोणाला काही झाले नाही, तर पूर्वी सहा महिने आणि एक लाख. 2023 मध्ये जनविश्वास कायद्याने कैद अर्धी करून तीन महिने केली, दंड तीन लाख. विश्वास जनतेचा की विक्रेत्याचा, ते नावात लिहिलेले नाही. किरकोळ इजा झाली तर एक वर्ष, गंभीर इजा तर सहा वर्षे. मृत्यू झाला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप, आणि दंड दहा लाखांपासून पुढे.

शेवटची ओळ वाचून आमचा ऊर भरून आला होता. मग कलम 77 वाचले. गुन्हा घडल्यापासून एक वर्षाच्या आत खटला दाखल झाला नाही तर न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. आयुक्तांनी कारणे लिहून मुदत वाढवली तरी जास्तीत जास्त तीन वर्षे. तोंड उघडेनासे होणे, गाठ येणे, जबडा काढणे याला किती काळ लागतो, ते कुठल्याही कॅन्सर वॉर्डात विचारा. माणूस मरेपर्यंत थांबावे तर मुदत संपते, मुदतीत यावे तर माणूस मेलेला नसतो. त्यात हजारो पुड्यांपैकी मारणारी पुडी कोणती, हे मयताने स्वतः येऊन सांगावे लागेल. जन्मठेप कायद्यात आहे, पण गुटखेवाल्याला ती लागेल अशी वाट कायद्यात नाही.

म्हणून पुढच्या जुलैत आदेश काढणाऱ्यांना एकच विनंती. बंदी खुशाल वाढवा, पण तिच्याबरोबर कलम 77 मधली ती तीन वर्षेही वाढवण्याची शिफारस दिल्लीला धाडा. आणि वाचकहो, तोवर टपरीवर पुडी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800222365 हा क्रमांक फिरवा. फोनला पैसे पडत नाहीत. खान्देशात गुटख्याच्या बाबतीत फुकट मिळणारी तेवढीच एक गोष्ट आहे.