गिटारची मान घरच्या घरी तासा

गिटार शिकायला लागून तीन महिने झालेत, एफ कॉर्ड धरला की सहापैकी दोन तारा वाजतात आणि चार नुसत्या ठकठकतात. मग एका रात्री साक्षात्कार होतो की दोष आपल्या बोटांत नाही, गिटारच्या मानेत आहे. मान जाड आहे. अंगठा मागून पुरत नाही. हा साक्षात्कार ज्यांना झाला असेल त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. बाकीच्यांनी रियाज करावा.

जाणकार मंडळी इथे लगेच आडवी येतात. आधी तारांची उंची बघा म्हणतात. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तार दोनच्या आतबाहेर असेल तर ठीक. त्याहून वर असेल तर मान काठीएवढी केली तरी बोटं दुखणारच. मग म्हणतात, नट बघा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली केसभर फट उरावी. जास्त उरत असेल तर एफ कॉर्ड पैलवानालाही लागायचा नाही. शिवाय पावसाळ्यात लाकूड ओल पितं, पेटीची वरची फळी फुगते, तिच्यावरचा ब्रिज उचलला जातो आणि तारा मानेपासून लांब जातात. तेव्हा जुलैत कसलाही निर्णय घेऊ नका. हे सगळं बरोबर आहे. तपासायला एक स्टीलची पट्टी आणि पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे पट्टी होती, पाच मिनिटंही होती आणि महिना जुलैचा होता. पण मोजण्यात मजा नाही. आपण पुढे जाऊ.

ही मंडळी मग जँगो राइनहार्टला पुढे करतात. 1928 साली राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो अख्ख्या युरोपला पुरून उरला. यावर आपलं उत्तर तयार ठेवावं: तो जँगो होता. दुसरा मार्ग विश्वमोहन भट्टांचा. वाद्य मांडीवर आडवं घ्यायचं आणि तारांवर पोलादी कांडी सरकवायची, म्हणजे डाव्या हाताला मानेला विळखा घालावाच लागत नाही. त्यांची मोहनवीणा या मार्गाने 1994 साली ग्रॅमीपर्यंत पोचली. पण मांडी घालायची म्हणजे गुडघे आले. गुडघे तासण्याची मार्गदर्शिका वेगळी.

आता साहित्य. व्हर्निअर कॅलिपर, लाकडाची अर्धगोल कानस, जाड पुठ्ठा, पेन्सिल, तोंडाला मास्क आणि 80 पासून 320 नंबरपर्यंतचे काचपेपर. पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. दुकानदाराने काय करायचंय असं विचारलं तर दाराला घासायचंय म्हणावं. मी खरं सांगून बसलो. त्याने 80 नंबरचा कागद शांतपणे परत आत ठेवला आणि 220चा पुढे केला. मी हट्टाने 80चे डझनभर घेतले.

तारा काढताना एकेक खुंटी थोडी थोडी सैल करा. सहा पोलादी तारांची ओढ मिळून 70 किलोच्या घरात जाते. म्हणजे या मानेला रात्रंदिवस एक प्रौढ मेव्हणा लोंबकळत असतो. तिने वाकू नये म्हणून तिच्या पोटात लोखंडी सळई असते. ट्रस रॉड म्हणतात तो हाच. आपल्या धंद्यात सगळ्यात महत्त्वाचा हिशेब या सळईचा. माझ्या गिटारची मान पहिल्या फ्रेटपाशी 21 मिलिमीटर जाड. त्यातले वरचे 6 फिंगरबोर्डचे. सळईची खाच धरा 10. उरलं किती? पाच. त्यातले दोन घासले तर सळई आणि तुमचा तळहात यांच्यामध्ये तीन मिलिमीटर लाकूड राहतं. एक मिलिमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण हाताला अर्धा मिलिमीटरही कळतो. हा हिशेब मानेवरच पेन्सिलने लिहून ठेवा. मी वहीत लिहिला होता, आणि वही कपाटात होती.

पहिल्यांदा रंग निघतो. पॉलियुरेथेनचा थर चांगला जाड असतो. चकाकी जाऊन आधी पांढरी भुकटी पडते, मग चॉकलेटी, आणि मग एका हाताच्या फरकाने खालचं लाकूड उघडं पडतं. माझ्याकडे उघडी पडली ती तीन लाकडं. दुकानात ‘सिंगल पीस’ म्हणून गळ्यात मारलेल्या त्या मानेच्या डोक्याकडे एक तिरका सांधा होता, पेटीकडच्या टाचेत वेगळा ठोकळा चिकटवलेला होता आणि तिघांचे रंग तीन. वरच्या चॉकलेटी रंगाने इतकी वर्षं सगळ्यांची अब्रू झाकली होती. सांध्याचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. डोकं मागे कललेलं असतं. अखंड लाकडातून ते कापलं तर रेषा मध्येच तुटतात आणि गिटार पडली की नेमकी तिथे मोडते. तिरक्या सांध्यात रेषा डोक्याबरोबर वळतात. तरीही नटच्या मागच्या त्या बारक्या जागेत कानस नेऊ नका, टाचेकडेही नको.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मान जाड वाटते ती पुष्कळदा मधल्या जाडीमुळे नाही, खांद्यांमुळे. मान आडवी कापली अशी कल्पना करा. मधला कणा आणि फिंगरबोर्डच्या कडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जे भरलेलं लाकूड असतं, ते खांदे. ते फुगीर असले की मुठीत पपई धरल्यासारखं वाटतं. कणा जसाच्या तसा ठेवून नुसते खांदे उतरवले तर कॅलिपर मध्यभागी तोच आकडा दाखवतो आणि हात म्हणतो की गिटार बदलली. सळईखालचं लाकूडही शाबूत राहतं. त्यासाठी पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी पुठ्ठ्याचे साचे कापा आणि त्या दोन जागी आकार आधी नक्की करा. मग कानशीने दोन्हींमध्ये लांबच लांब सपाट पट्टा पाडा. पट्ट्याच्या कडा मोडून दोन पट्टे, दोनाचे चार. गोलाई शेवटी. काचपेपरची पट्टी दोन्ही हातांत धरून पाठीला टॉवेल घासतात तशी ओढायची आणि अखेरचे हात लाकडाच्या रेषेबरोबर फिरवायचे. मध्येमध्ये दिवा बंद करून अंगठा फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा अंगठ्याला लागतो.

मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानशीचे दोन हात फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा दोन हात फिरवतो. घासण्यापेक्षा त्याचा वेळ ऐकण्यात जातो. मी दोन तास न थांबता घासलं, कारण टीव्हीवर सामना रंगला होता. पाचव्या फ्रेटपाशी खळगा पडला. पट्टी मध्यावर जास्त ओढली जाते, त्यामुळे नवशिक्याचा खळगा बहुधा तिथेच पडतो. तो काढायचा म्हणजे दोन्ही बाजू खाली आणायच्या. डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय कापत बसण्यातलाच हा प्रकार.

सोसायटीत किचनच्या ट्रॉल्या बसवायला आलेल्या मिस्त्रींना मी ती मान दाखवली. त्यांनी गिटार बंदुकीसारखी धरली, एक डोळा मिटून टोकापासून पाहिलं आणि विचारलं, “काका, हे कुणी केलं?”

“दुकानातून असंच आलंय,” मी म्हणालो.

“मग परत करा.”

उघडं लाकूड घाम पितं आणि महिन्याभरात काळं पडतं, म्हणून पॉलिश हवंच. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने पातळ हात द्या. एक सुकला की दुसरा. जवसाचं तेलही चालतं, पण तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळत घाला. या मार्गदर्शिकेतली मी पाळलेली ही एकच सूचना, कारण ती देणारी घरातली होती.

तारा चढवा आणि एक दिवस थांबा. बारीक झालेली मान जास्त वाकते, तेव्हा सळई अॅलन कीने पाव फेरा आवळा, पुन्हा थांबा, पुन्हा बघा. मी तेविसाव्या दिवशी हे सगळं आटोपून एफ कॉर्ड धरला. दोन तारा वाजल्या.

मग पट्टी काढली. बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्यावर येतो, त्यामुळे तिथली उंची एकाने कमी करायची तर सॅडल दोनाने कमी करावं लागतं. मला दीड कमी करायचं होतं. सॅडल ब्रिजमधून उपसलं, त्याच्या बुडाला तीन मिलिमीटरवर रेघ मारली आणि सपाट काचेवर कागद ठेवून रेघेपर्यंत घासलं. वीस मिनिटं लागली. एफ वाजला, सहाही तारांसकट.

माझ्याकडे काचपेपरचे बरेच कागद उरले आहेत. कुणाला गिटारसाठी हवे असतील तर खुशाल न्यावेत, येताना आपल्या बाराव्या फ्रेटचा आकडा घेऊन यावं. 80 नंबरचा मागू नये, तो मी देणार नाही.