हयात असल्याचे प्रमाणपत्र

निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती जिवंत आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या प्रशासनाने त्या व्यक्तीकडे न ठेवता नोव्हेंबर महिन्याकडे सोपविला आहे. हयातीचा दाखला, म्हणजे संबंधित इसम अद्याप मरण पावलेला नाही असे वर्षातून एकदा द्यावयाचे प्रमाणपत्र, वेळेत पोहोचला नाही तर वेतन थांबते. आणि खुद्द तो इसम खिडकीसमोर उभा राहून ‘हा बघा, आलोय ना’ असे सांगत असला तरी ते विधान ग्राह्य धरता येत नाही, कारण जगण्यात त्याचा उघड आर्थिक हितसंबंध गुंतलेला असतो. 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या सोयीने हा निवाडा यंत्राकडे, म्हणजे बोटांचे ठसे किंवा बुबुळे ताडून पाहणाऱ्या उपकरणाकडे दिला. तथापि आयुष्यभराच्या कष्टांनी झिजलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नसल्यामुळे, ज्याने अधिक राबावे त्याने यंत्राच्या लेखी कमी जिवंत असावे, असा एक तात्त्विक पेच उभा राहिला. केंद्राने ऐंशी ओलांडलेल्या आपल्या निवृत्तांना हा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा दिली आहे. हाच दिवस आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असल्याने सकाळी शाल-श्रीफळ स्वीकारून दुपारी स्वतःचे अस्तित्व सिद्ध करता येते.

ज्येष्ठांची स्वतःच्या वयाकडे पाहण्याची दृष्टीही काही कमी प्रशासकीय नाही. पासष्टीनंतर एसटीत अर्धे तिकीट आणि 2022 पासून पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास मिळतो. या सवलतीसाठी वय हवे असते, परंतु शेजारच्या प्रवाशाने ‘आजोबा, बसा’ म्हटलेले नको असते, आणि वाहकाने संशयाने पाहत आधार कार्ड मागितले तर तो अपमान न ठरता आठवडाभर घरोघर सांगण्याजोगा गौरव ठरतो. मार्च 2023 पासून सर्वच महिलांना अर्धे तिकीट लागू झाल्यामुळे पंचाहत्तरीपर्यंत वय लपविण्याचा खर्च निदान त्यांच्यापुरता तरी शून्यावर आला, ही या योजनेची दुर्लक्षित फलश्रुती होय. रेल्वेने मात्र मार्च 2020 मध्ये, ज्येष्ठांनी साथीत प्रवास करू नये या काळजीपोटी, त्यांची भाडेसवलत बंद केली. साथ ओसरली, तरी काळजी ओसरली नाही.

कुटुंबांतर्गत सन्मानाची व्यवस्था 2007 च्या निर्वाह व कल्याण कायद्याने लावून दिली आहे. त्यानुसार मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये असून आईवडिलांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. म्हणजे नुसत्या दंडावर निभावले तर सोडून देणे पंधरा दिवसांच्या कमाल भत्त्यात आटोपते, हे हिशेबी मुलाच्या लक्षात येण्यास वेळ लागत नाही. अर्थात तितकीही वेळ सहसा येत नाही, कारण दाद मागायची तर प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात मुलाचे नाव सामनेवाला म्हणून लिहावे लागते, आणि ज्या पिढीने त्याच मुलाचे नाव दहावीच्या निकालानंतर पेढ्यांसह आळीभर फिरविले, तिचा हात तेथे अडतो. अर्जाचा नमुना घडी घालून कपाटात ठेवला जातो आणि शेजाऱ्यांनी विचारलेच तर त्याला हल्ली कामाचा ताण फार आहे, असे सांगितले जाते.