एक क्विंटल लाखाला!

हिंगणघाटच्या कापूसवाल्यांची मूळ चूक एकच. ते बाजारात माल घेऊन जातात. माल दिसला की ग्रेडर कापूस दाबतो, धागा ओढतो, मीटर खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भावाला कात्री, १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. तो पुरता हाती पडला, तर त्या दिवशी घरी गोडधोड.

आता ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये तिने मुंबईची, मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनिअर ३० कोटी डॉलरना घेतली. व्हाइटहॅटचं वय जेमतेम दीड वर्ष. ओलावा कुणी मोजला नाही. मार्च २०२२ मध्ये खुद्द बायजूजची किंमत २,२०० कोटी डॉलर ठरली. कशी? थोडे शेअर ज्या भावाने जातात, त्याच भावाने उरलेले सगळे गुणायचे. त्या वेळी जाहीर झालेल्या ८० कोटी डॉलरपैकी ४० कोटी संस्थापकाचेच होते!

म्हणजे आर्वी-देवळीच्या कापूसवाल्यांनी आपलाच एक क्विंटल आपणच लाखाला घ्यावा, पावती फाडावी आणि घरातल्या चाळीस क्विंटलच्या जोरावर चाळीस लाखांचे धनी म्हणून बँकेत जावं. साहेबाने हिशेब मागितला तर सांगावं, येईल सावकाश. बायजूजचा २०२०-२१ चा ४,५८८ कोटी रुपयांचा तोटा जगाला कळला सप्टेंबर २०२२ मध्ये. म्हणजे किंमत आधी, हिशेब मागून.

ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र मांडणारे वर्ध्याच्या मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा मुळात लंडनला शिकलेले हिशेबनीस. बायजूजची वही त्यांनी उघडली असती तर पहिल्याच पानावर मिटली असती. बायजूजचे हिशेब तपासणाऱ्या डेलॉइटने मात्र हिशेब मिळत नाहीत म्हणून राजीनामा दिला तो जून २०२३ मध्ये.

पुढे प्रोसस या बड्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्श्याची किंमत शून्य लिहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थापकानेही सांगितलं, कंपनीची किंमत शून्य.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, यंदा सोसायटीची कर्जवसुलीची नोटीस आली की घाबरू नका. उत्तर धाडा : ‘आमचं मूल्यांकन शून्यावर आलं आहे, आपणही वहीत शून्य मांडावं.’ प्रोससने मांडलं. सोसायटीचे सचिवसाहेब मांडतात का, तेवढं कळवा.